जुन्या मोटारीचा टायमिंग पट्टा : काय घ्यावे आणि कसे घ्यावे



न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिचे पाणी पाटापाटाने गावोगाव गेले आणि आज ते आपल्या मुळशीच्या मातीतही झिरपले आहे. या व्यासपीठावर काल संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या इतिहासावर होणार आहे. मधल्या दिवशी आमच्यासारखा माणूस उभा राहणार म्हटल्यावर आपण मजुरीचे दर, बोनस, कंत्राटी पद्धत असे काही ऐकण्याच्या तयारीने आला असाल. चालकांनीही आमच्याकडे तसाच विषय मागितला होता. आम्ही त्यांना हा विषय सांगितला तेव्हा ते थोडे हसले. मोटारीच्या इंजिनातला एक रबरी पट्टा हा काय व्याख्यानाचा विषय झाला?

तो झाला कसा, हे आधी सांगतो.

आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढले जे काही आले ते पिरंगुटच्या कारखान्यातल्या पाळ्यांत, एका वृद्ध फिटरच्या हाताखाली आणि ग्रंथालयाच्या बाकावर. आमच्या संघटनेत कारखान्यांतले कामगार आहेत, तसे त्या कामगारांची ने-आण करणारे गाडीवालेही आहेत. पौड, भरे, घोटावडे, उरवडे या बाजूंनी सकाळी निघून पिरंगुटला किंवा हिंजवडीला माणसे पोहोचवायची, दुपारी शाळेची मुले, आणि शनिवार-रविवारी पावसाळ्यात ताम्हिणीचे धबधबे पाहायला आलेले पाहुणे, असा त्यांचा धंदा. यांतल्या फार थोड्यांकडे नवी गाडी असते. पुण्यातल्या कोणीतरी दहा-बारा वर्षे वापरून काढून टाकलेली मोटार हेच यांचे शेत आणि हीच यांची बैलजोडी.

तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठात आमच्यातला एक सभासद आमच्याकडे आला. त्याची परवानगी घेऊनच हे सांगत आहोत. तो आज या मंडपात बसलेला आहे. त्याने नुकतीच एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. मिस्त्रीने सांगितले होते की टायमिंग पट्टा बदला, त्याबरोबर टेन्शनर, आयडलर, सील, सगळेच बदला. त्याने दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी पूर्ण संच होता, तो महाग. दुसऱ्या ठिकाणी नुसता पट्टा मिळत होता, तोही छापील किमतीपेक्षा बराच कमी दरात. त्याचे ठेकेदाराकडे दोन महिन्यांचे भाडे अडकलेले होते. त्याने विचारले, “अण्णा, काय करू?” आम्ही म्हणालो, “पट्टा तेवढा घे. बाकीचे पुढल्या वर्षी बघू.”

आम्हाला त्या वेळी असे वाटले की आपण गरिबाचे पैसे वाचवले. आमच्या धंद्यात हा मोह फार असतो. समोरच्याची अडचण दिसते आणि तिच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय हाच सर्वांत दयाळू उपाय वाटू लागतो.

आषाढातल्या एका रविवारी विळ्याकडून ताम्हिणी घाट चढून येताना त्याची गाडी बंद पडली. आवाज काही फार मोठा झाला नाही. एक खटका, आणि इंजिन मुकाट्याने थांबले. गाडीत पाच माणसे, त्यांत एक लहान मूल. बाहेर पाऊस असा की पुढचे वळण दिसेना. ताम्हिणीचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. महाराष्ट्रात जिथे सर्वांत जास्त पाऊस पडतो अशा मोजक्या ठिकाणांत त्याची गणना होते. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने चाकांना दगड लावले आणि माणसे सुखरूप उतरली, हे दैव. गाडी दोराने ओढत पौडला आणली.

मिस्त्रीने इंजिन उघडले तेव्हा आम्ही तिथे होतो. पट्ट्याचे दात एका जागी सलग सोलून निघालेले होते. टेन्शनरचे बेअरिंग अडकलेले होते, हाताने फिरेना. व्हॉल्व्ह वाकलेले, एका पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हचा ठसा चंद्रकोरीसारखा उमटलेला. पट्ट्याची रिकामी पेटी गाडीतच होती. ती उजेडात धरून पाहिली तर नामांकित कंपनीच्या नावातले एक अक्षर चुकलेले! पावती नव्हती, दुकानदाराने दिली नाही आणि आमच्या माणसाने मागितली नाही. सहाशे रुपये वाचले होते. दुरुस्तीचा आकडा तीस हजारांच्या घरात गेला आणि धंद्याचा सगळा हंगाम बुडाला तो वेगळाच. भाद्रपदात त्याने ती गाडी भंगाराच्या भावात विकली. आज तो दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर आहे. तो आम्हाला एवढेच म्हणाला, “अण्णा, तुम्ही म्हणालात म्हणून घेतला.” या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. हे व्याख्यान म्हणजे त्या उत्तराची उशिरा केलेली तयारी समजा.

आता मूळ विषयाकडे वळू. हा पट्टा करतो तरी काय?

इंजिनाच्या खालच्या बाजूला क्रँक नावाचा दांडा असतो. पिस्टन वर-खाली होतात ते याच्याशी जोडलेले. वरच्या बाजूला, पुष्कळ गाड्यांत, कॅम नावाचा दुसरा दांडा असतो. तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटू देतो, म्हणजे इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाची दारे सांभाळतो. पिस्टन वर येईल तेव्हा कोणते दार मिटलेले हवे आणि खाली जाईल तेव्हा कोणते उघडे हवे, याचे वेळापत्रक ठरलेले असते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा व्हावा, हा नियम. तो पाळून घेण्यासाठी दोन्ही दांडे एकमेकांशी बांधावे लागतात. काही इंजिनांत हे काम दातेरी चाके करतात, काहींत साखळी करते आणि काहींत दात असलेला रबरी पट्टा करतो. तोच हा टायमिंग पट्टा. पुष्कळ जुन्या डिझेल इंजिनांत डिझेलचा पंपही याच पट्ट्यावर चालतो, आणि काही इंजिनांत पाण्याचा पंपदेखील.

जुन्या गिरण्यांत छताला लांबच लांब शाफ्ट असे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खालच्या यंत्रांवर येत. गिरण्यांचा आणि मुळशीचा संबंध आपणांस सांगायला नको. 1921 साली सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह केला तो ज्या धरणापायी, त्याच धरणाच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर 1927 साली सुरू झाले आणि ती वीज मुंबईकडे गेली. तर त्या चामड्याच्या पट्ट्याला दात नसत. तो थोडा घसरला तरी माग जरासा हळू चाले, एवढेच. इंजिनात असे घसरणे परवडत नाही. एक दात जरी सरकला तरी वेळापत्रक बिघडते. म्हणून दातांचा पट्टा.

माताभगिनींनी शिवणयंत्र आठवावे. वरची सुई आणि खालची बॉबिन यांची वेळ चुकली की टाके सुटतात. असा दातेरी पट्टा अमेरिकेत 1940 च्या दशकात निघाला, तो मुळात शिवणयंत्रातली ही वेळ सांभाळण्यासाठीच. मोटारीत तो पुढे आला. जर्मनीतल्या ग्लास नावाच्या एका लहान कारखान्याने 1962 साली आपल्या मोटारीत तो बसवला. 1966 साली इटलीच्या फियाटने लाम्प्रेदी या अभियंत्याच्या इंजिनात तो वापरला आणि मग त्याचा प्रसार झाला. साखळीपेक्षा तो हलका, स्वस्त, आवाज न करणारा आणि तेल न मागणारा. आपल्याकडे ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या साखळीच्या गाड्या. मारुती 800 पट्ट्याची. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये तयार झालेली आणि 1998 च्या डिसेंबरात बाजारात आलेली टाटा इंडिका, तिचे जुने 1.4 लिटरचे डिझेल इंजिनही पट्ट्याचेच. मारुती 800 चे उत्पादन 2014 मध्ये आणि इंडिकाचे 2018 मध्ये थांबले. तथापि मुळशीच्या रस्त्यावर त्या अजून भेटतात. उत्पादन थांबते, लोकांची गरज थांबत नाही.

या पट्ट्याच्या अंगी तीन गोष्टी असतात. आत ताण सोसणाऱ्या काचतंतूंच्या दोऱ्या, त्यांभोवती खास रबर, आणि दातांवर नायलॉनचे कापड. त्यावर काम किती पडते याचा साधा हिशेब करू. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर सेकंदाला क्रँकचे 50 आणि कॅमचे 25 फेरे झाले. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. आता समजा गाडी सरासरी ताशी 40 किलोमीटर वेगाने चालली आणि इंजिनाचे सरासरी फेरे मिनिटाला 2,000 धरले. 60,000 किलोमीटरला 1,500 तास लागतील आणि तेवढ्यात क्रँक 18 कोटी फेरे घेईल. एवढे काम करून हा कामगार एकदाही तक्रार करीत नाही. साखळी सैल झाली की खडखडते, म्हणजे निदान आरडाओरडा करते. पट्टा निमूटपणे चालत राहतो आणि एक दिवस तुटतो. जो तक्रार करीत नाही त्याची मुदत आपणच लक्षात ठेवावी लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी 1890 साली मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मागितली म्हणून. पट्ट्यासाठी मागणारा कोणी नसतो.

पट्टा तुटला तर काय होते, हे इंजिनाच्या रचनेवर अवलंबून आहे. काही इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्यात पुरेशी जागा राहते. तिथे गाडी नुसती बंद पडते. नवा पट्टा घाला आणि चालू लागा. पण पुष्कळ इंजिनांत ती जागा नसते. विशेषतः डिझेलमध्ये हवा फार दाबावी लागते. जुन्या पेट्रोल इंजिनात ती नऊ-दहा पट दाबली जाते, तर जुन्या डिझेलमध्ये वीस-बावीस पट. म्हणून पिस्टन अगदी माथ्यापर्यंत येतो. पट्टा तुटला की कॅम थांबतो, पिस्टन मात्र गतीमुळे वर येतच राहतो आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग हेड उतरवणे आले. आपली गाडी या दोहोंपैकी कोणत्या जातीची आहे, हे पट्टा घेण्यापूर्वी मिस्त्रीला अवश्य विचारावे. आणि त्याही आधी हे विचारावे की गाडीत पट्टा आहे की साखळी. एकाच नावाच्या गाडीत निरनिराळी इंजिने येतात. नंतर आलेल्या 1.3 लिटरच्या मल्टीजेट डिझेल इंजिनात साखळी आहे. साखळीच्या गाडीसाठी पट्टा शोधत हिंडलेले लोकही आम्ही पाहिले आहेत.

आता बदलायचा केव्हा? गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर दिलेले असतात आणि वर्षेही. त्यांपैकी जे आधी भरेल ते खरे. गाडी फिरली नाही म्हणून रबर म्हातारे व्हायचे थांबत नाही. जुनी गाडी विकत घेतली असेल, आधीच्या मालकाजवळ पट्टा बदलल्याची पावती नसेल, तर मीटरवरचा आकडा आणि मालकाची शपथ ही दोन्ही बाजूला ठेवावीत आणि पट्टा बदललेलाच नाही असे धरून चालावे. “वरून चांगला दिसतो” या वाक्यालाही अर्थ नाही. आतल्या दोऱ्या बाहेरून दिसत नसतात.

काय काय घ्यावे, हा खरा प्रश्न. आम्ही क्रमाने सांगतो.

पहिला पट्टा. तो गाडीच्या नावावर मागू नये. चासी नंबर आणि इंजिन नंबर सांगून मागावा. एकाच गाडीत मध्येच बदल होतात. मिळालेला पट्टा जुन्याशेजारी ठेवून दात मोजावेत, रुंदी मोजावी आणि दातांचा आकार पाहावा. काही पट्ट्यांचे दात चौकोनी धाटणीचे असतात, काहींचे गोलसर. एकाच्या चाकावर दुसऱ्याचा पट्टा ओढून बसवता येईलही, पण तो लवकर झिजतो आणि दात उडी मारतो. मूळ नंबर बंद झाला असेल तर दुकानदाराकडे कंपनीचा बदली नंबर मागावा. “हाच चालतो” एवढ्यावर भागवू नये.

दुसरे टेन्शनर आणि आयडलर. पट्टा ताणून धरणारी आणि त्याला वाट दाखवणारी ही चाके. त्यांच्या बेअरिंगमधले ग्रीस कारखान्यात भरलेले असते, ते पुन्हा भरता येत नाही. जुन्या बेअरिंगवर नवा पट्टा चढवणे म्हणजे खचलेल्या विहिरीवर नवी मोट बांधणे. आमच्या सभासदाच्या गाडीत पट्टा खोटा होता म्हणून तुटला, की अडकलेल्या टेन्शनरने त्याला खाल्ले? मिस्त्री म्हणाला, “दोघांनी मिळून.” म्हणजे अस्सल पट्टा असता तरी हा टेन्शनर त्याचा घात करू शकला असता. सल्ल्यातली आमची चूक दुहेरी होती, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

तिसरा पाण्याचा पंप. तो टायमिंग पट्ट्यावर चालत असेल तर पट्ट्याबरोबरच बदलावा. तो गळला तर पट्टा भिजतो, अडकला तर दात सोलतो. तो बाहेरच्या पट्ट्यावर चालत असेल तर चांगला असेपर्यंत राहू द्यावा. तिथे पैसे वाचवायला हरकत नाही. पंप बदलला की कूलंटही नवे घालावे, नळाचे पाणी नको.

चौथे ऑइल सील. कॅमचे आणि क्रँकचे. या सर्व यादीत सर्वांत स्वस्त वस्तू हीच, आणि लोक वगळतात तीही हीच. सीलमधून तेल पाझरून पट्ट्यावर आले की रबर फुगते, मऊ पडते आणि दात सुटतात. चांगल्यात चांगला पट्टा तेलापुढे टिकत नाही.

पाचवे बोल्ट आणि स्प्रिंग. काही बोल्ट एकदाच ताणण्यासाठी केलेले असतात. पुस्तिकेत तसे लिहिले असेल तर नवेच घ्यावेत. शिवाय बाहेरचे पट्टे या कामात काढावेच लागतात. त्यांना चिरा गेल्या असतील तर त्याच वेळी बदलावेत.

भंगारातून काय घ्यावे, हेही सांगतो, कारण मंगळवार पेठेतला जुना बाजार आम्हालाही प्रिय आहे. पट्ट्यावरचे प्लॅस्टिकचे झाकण जुने चालते. किंबहुना ते फुटले असेल तर जुने का होईना पण बसवावेच. आपल्या रस्त्यांवरचा चिखल आणि खडा आत गेला की काम संपलेच. दातेरी चाक दात न झिजलेले मिळाले तर तेही चालते. पट्टा, बेअरिंग आणि सील मात्र जुने कधीही घेऊ नये, फुकट मिळाले तरी.

आता माल कोणाचा घ्यावा? बाजारात पाच जातींचा माल असतो. एक, मोटार कंपनीच्या पेटीतला. दुसरा, पट्टे आणि बेअरिंगे बनवणाऱ्या नामांकित कारखान्यांच्या स्वतःच्या पेटीतला. गेट्स, कॉन्टिनेन्टल, डेको ही पट्ट्यांतली नावे, आणि बेअरिंगांत एसकेएफ, जिचा कारखाना आपल्या चिंचवडलाच आहे. मोटार कंपन्या पट्टा स्वतः विणत नाहीत, अशाच कारखान्यांकडून घेतात. म्हणून दुसऱ्या जातीचा माल पुष्कळदा पहिल्याच्या तोडीचा असतो आणि थोडा स्वस्त मिळतो. आमची पसंती या दुसऱ्याला, शक्यतो एकाच कारखान्याच्या पूर्ण संचाला. तिसरा, स्थानिक माल, स्वतःच्या नावाने विकला जाणारा. तो लबाडी करीत नाही, पण त्याची परीक्षा आपल्या इंजिनावर होते. चौथा, नकली माल; दुसऱ्याचे नाव लावून आलेला. आणि पाचवा, अस्सल पण वर्षानुवर्षे उन्हात, तेलाच्या डब्यांशेजारी पडून राहिलेला. जुन्या गाडीच्या बाबतीत या पाचव्याचे भय विशेष, कारण खप कमी असतो. म्हणून पेटीवरचा महिना-वर्ष वाचावा. दुकानात पट्टा खिळ्यावर टांगलेला, दुमडलेला किंवा दोऱ्याने आवळलेला असेल तर घेऊ नये. काचतंतू एकदा मोडला की तो दिसत नाही आणि सांधतही नाही. घरी आणल्यावर मुलांच्या हाती खेळायला देऊ नये, उलटा करून पाहू नये.

नकली माल ओळखण्याची खात्रीची खूण कोणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. खूण निघाली की नकली करणाराही ती छापतो. तरी काही गोष्टी पाहाव्यात. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत असलीच पाहिजे, असा 2011 सालच्या वेष्टनविषयक नियमांचा दंडक आहे. पट्ट्याच्या पाठीवरचा नंबर आणि पेटीवरचा नंबर एक असावा. स्पेलिंग वाचावे, आमचे एक अक्षर तीस हजारांना पडले. आणि छापील किमतीपेक्षा फारच कमी दर दिसला तर आनंदाऐवजी संशय यावा. नाना पेठेत सुट्या भागांची जुनी, सचोटीची दुकाने आहेत. सचोटीच्या दुकानाची ओळख अशी की तो पावती मागायला लावत नाही.

पावतीबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण आमची लढाई तिथेच हरली. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह लावून माल विकणे हा 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. ग्राहकाची चळवळ तर पुण्यातच उभी राहिली. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली ग्राहक पंचायत सुरू केली. पुढे 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा 2020 च्या जुलैपासून लागू झाला. आमच्या गाडीवाल्यांना वाटते की आपण धंदा करतो, म्हणजे आपण ग्राहक नाही. हे खरे नाही. स्वतःच्या कष्टाने, पोटापाण्यासाठी जो वस्तू वापरतो तो या कायद्याने ग्राहकच आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. 1915 या क्रमांकावर विचारणाही करता येते. पण तिथे पहिला प्रश्न येतो, पावती कुठे आहे? आमच्याजवळ चुकलेल्या अक्षराची पेटी होती आणि वाकलेले व्हॉल्व्ह होते. पावती नव्हती. आम्ही गेलो नाही.

मिस्त्रीबद्दलही बोलले पाहिजे. आम्ही कामगारांचे माणूस आहोत. एक भाग बदला की पाच, इंजिन उघडण्याची मजुरी जवळजवळ तीच पडते. म्हणून “बाकीचे पुढल्या वर्षी” याचा अर्थ पुन्हा तीच मजुरी. ती नीट द्यावी आणि घाई करू नये. खुणा जुळवल्यावर स्टार्टर मारण्यापूर्वी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासाव्यात. मध्ये अडकले तर जोर न करता थांबावे. पट्टा फार घट्ट केला तर बेअरिंग जाते, सैल ठेवला तर दात सरकतो. ताण पुस्तिकेप्रमाणेच हवा. ज्याला आपण अर्ध्या मजुरीवर राबवतो त्याच्याकडून हे दोन फेरे मागण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

शेवटी, आम्ही पुढे काय केले ते सांगून थांबतो. संघटनेने एक वही घातली. गाडीचा नंबर, इंजिन, पट्टा केव्हा बदलला, कोणाचा, पावती क्रमांक, आणि पुढची तारीख. महिन्याच्या सभेत ज्याची तारीख जवळ आली असेल त्याचे नाव वाचतो. ज्याच्याजवळ पैसे नसतील त्याला पूर्ण संचापुरती उचल देतो आणि ती सहा हप्त्यांत परत घेतो. उचल रोख न देता दुकानाच्या पावतीवर देतो. यामुळे फार मोठे काही झाले असा आमचा दावा नाही. उचल थकवणारे आहेत, वहीत खोटी तारीख सांगणारेही निघाले. पण पावती न देणाऱ्या दुकानाकडे आमचा माणूस आता जात नाही, आणि “अण्णा, काय करू?” असे कोणी विचारले की आम्ही आधी वही उघडतो, मग तोंड उघडतो.

ज्या सभासदाची गाडी गेली, ती वही आज तोच लिहितो. आम्ही त्याच्यावर ते काम लादले नाही. त्याने मागून घेतले. मागच्या महिन्यात त्याने एका नव्या पोराला स्वस्तातला पट्टा परत करायला पाठवले, तेव्हा ते पोर आमच्याकडे तक्रार घेऊन आले. आम्ही त्याला एवढेच सांगितले की तो म्हणतो तसे कर.

मृग निघायला आता महिनाही उरला नाही. घाटाचे रस्ते पुन्हा ओले होतील आणि गाड्या माणसांनी भरून वर चढतील. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी आज जाऊन तिचे कागद काढावेत आणि पट्टा केव्हा बदलला याची पावती शोधावी. सापडली तर निर्धास्त झोपावे. सापडली नाही तर उद्या सकाळी मिस्त्रीकडे जावे.